हेलनबाईंना चुका हव्या होत्या

शिक्षकांच्या खोलीत काय साठेल सांगता येत नाही. आमच्याकडे कपाटावर जुन्या उत्तरपत्रिका साठल्यात, खिडकीत न चालणारी घड्याळं साठलीत, आणि टेबलाभोवती किस्से. उत्तरपत्रिका दिवाळीच्या आधी रद्दीवाला घेऊन जातो. किश्शांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते वाढतच चाललेत. त्यातले निम्मे एकट्या त्या विलायती सर्टिफिकेटचे आहेत.

ते सर्टिफिकेट काय, हे आधी सांगतो, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचा शिक्षकांसाठी वर्षभराचा कोर्स आहे. आपण आपल्याच शाळेत शिकवत राहायचं, शनिवार-रविवारी ऑनलाइन तास करायचे, आणि तिकडच्या एक बाई आपल्यावर नजर ठेवणार. आपलं बी.एड. आखातातल्या इंटरनॅशनल शाळा फारसं मोजत नाहीत, हे मोजतात. आमच्या बाईंचं नाव हेलन. आम्ही त्यांना हेलनबाई म्हणायचो. त्यांना ते माहीत नव्हतं.

आमच्या कारेगावच्या शाळेतून तिघांनी नाव घातलं. इंग्रजीच्या शिंदे सरांनी घातलं, कारण त्यांचा मेव्हणा दुबईहून येतो तेव्हा फार बोलतो. विज्ञान शिकवणाऱ्या मी घातलं, कारण शिंदे सरांनी घातलं. खरी गरज होती ती एकट्या प्रज्ञा कांबळे मॅडमना.

प्रज्ञा मॅडम गणिताच्या. दौंडच्या. वडील रेल्वेत रुळांवर काम करून रिटायर झालेले. मॅडम आठवडाभर कारेगावात खोली करून राहायच्या आणि शनिवारी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीने घरी. नऊ वर्षं त्या आमच्याकडे टेंपररी होत्या. दर एप्रिलला कार्यमुक्तीचं पत्र, दर जूनला नवी ऑर्डर. मधल्या दीड महिन्यात या बाईंचं जेवण तुटायचं. मस्कतच्या एका शाळेने त्यांना लेखी कळवलं होतं की ऑगस्टपर्यंत हे सर्टिफिकेट आणा, जागा तुमची. एप्रिल आला की पत्र येणार नाही अशी नोकरी एकदा करून बघायचीय, एवढंच त्या म्हणायच्या.

*

आमची शाळाही इंटरनॅशनलच आहे. म्हणजे बोर्डावर आहे.

संस्थेचे अध्यक्ष आप्पा. त्यांच्याकडे एकदा एक पालक आले. रांजणगावच्या कंपनीत नवीन लागलेले, इंजिनिअर माणूस, प्रश्न विचारायची सवय. म्हणाले, "आप्पा, शाळेत इंटरनॅशनल नेमकं काय आहे?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "बिहारची पोरं हायती. ओडिशाची हायती. वॉचमनचं पोरगं नेपाळचं हाय. आजून किती इंटरनॅशनल करू?"

त्याच आप्पांना आम्ही तिघं कोर्सची परवानगी मागायला गेलो. आप्पांना फार आनंद झाला. "करा की, तिघंबी करा. विलायतेत शिकल्याले मास्तर म्हणून फोटो टाकू माहितीपत्रकात." मग जरा थांबून म्हणाले, "पर शिकून झाल्यावर कुठं जायचं न्हाई हां."

आम्ही तिघांनी मान हलवली. कुठल्या बाजूने हलवली ते आप्पांनी विचारलं नाही.

*

अर्जासोबत मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र लागत होतं. आमचे मुख्याध्यापक पवार सर. पस्तीस वर्षांत या माणसाने इतके दाखले लिहिलेत की लग्नपत्रिकेवरसुद्धा ते "सत्यप्रत" असा शिक्का मारतील. त्यांनी लगेच लिहून टाकलं की माझ्या माहितीप्रमाणे यांची वर्तणूक चांगली असून यांच्यावर कोणताही फौजदारी गुन्हा दाखल नाही.

पण फॉर्ममध्ये पुढे एक रकाना होता, या शिक्षकातल्या उणिवा लिहा.

पवार सरांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या स्टाफमध्ये उणीव आहे असं मी लेखी देऊ? उद्या तपासणी लागली तर?"

आम्ही सांगितलं, सर, तिकडे पद्धत आहे, रकाना मोकळा ठेवला तर अर्ज परत येतो. सरांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तिघांच्याही फॉर्मवर सुवाच्य अक्षरात एकच मजकूर आला. "उणीव अद्याप आढळून आलेली नाही. आढळल्यास कळविण्यात येईल."

*

कोर्सचा एक नियम असा की शाळेतल्या एका अनुभवी माणसाने दर आठवड्याला आपल्याशी बसून चर्चा करायची आणि त्याचा कागद भरायचा. असे तीस आठवडे, तीस कागद. हे काम पवार सरांकडेच आलं.

पवार सरांना तीस वेळा बसणं जमण्यासारखं नव्हतं. एका रविवारी त्यांनी घरी बसून मॅडमचे तीसही कागद भरून टाकले. निळं पेन, काळं पेन, मधे एक जेल पेन, दोन ठिकाणी मुद्दाम थोडी शाई फुटलेली. "एकाच पेनाने भरलं की संशय येतो," आम्हाला म्हणाले. "शिकून घ्या."

गठ्ठा ऑफिसात ठेवला होता. क्लार्कने सातव्या आठवड्यात सगळा गठ्ठा स्कॅन करून पाठवून दिला.

हेलनबाईंची मेल आली. अतिशय सभ्य बाई. त्यांनी लिहिलं होतं, "श्री. पवार, तुमचा येत्या मार्चमधल्या चर्चेचा अहवाल वाचला. मिस कांबळे यांचा भिडस्तपणा मार्चमध्ये पूर्ण गेलेला असेल हे वाचून बरं वाटलं. हे तुम्हाला आत्ताच कसं कळलं, ते सांगाल का?"

पवार सरांनी एका शब्दात उत्तर पाठवलं. "अनुभवावरून."

*

हेलनबाई पहिल्यांदा लॅपटॉपवरून आमची शाळा बघणार होत्या, त्या दिवसाचा किस्सा तर आप्पा अजून काढू देत नाहीत.

पाहुणी येणार म्हटल्यावर सत्कार आलाच. पाहुणी लॅपटॉपमध्ये आहे म्हणून सत्कार टाळायचा, हे आप्पांना पटेना. हॉलमध्ये टेबल लावलं, वर जाळीचं कापड, त्यावर लॅपटॉप. हेलनबाई आल्या, हसून गुड मॉर्निंग म्हणाल्या, आणि तेवढ्यात रेंज गेली. बाई हसतमुख अवस्थेत तशाच थिजल्या.

कार्यक्रम थांबवता येईना, कारण आप्पांना अकराला शिरूरला मीटिंग होती. आप्पांनी लॅपटॉपला शाल पांघरली. समोर नारळ ठेवला. शिपाईमामांनी झेंडूचा हार आणला होता, तो स्क्रीनच्या दोन्ही कोपऱ्यांना नीट अडकवला. शेजारी सरस्वतीच्या फोटोपुढे उदबत्ती लावलेली होतीच, तिचा धूर पंख्याने बरोबर बाईंच्या तोंडावर येत होता.

एक म्हातारे आजोबा नातवाचा दाखला न्यायला आले होते. त्यांनी दारातून टेबलाकडे पाहिलं. चपला बाहेर काढल्या, टोपी काढली, आत येऊन हात जोडले, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "कवा गेल्या?"

*

आता मूळ दुखणं सांगतो. या कोर्सला लेखी परीक्षा नव्हती. एक रोजनिशी लिहायची होती. आज वर्गात माझं काय चुकलं, ते का चुकलं, उद्या मी काय वेगळं करीन. दर आठवड्याला एक चूक. त्यावर मार्क.

पहिल्या आठवड्यात आम्ही तिघांनीही लिहिलं की पाठ उत्तम झाला, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, उद्दिष्टं साध्य झाली. तिघांनाही नापास. हेलनबाईंनी शेरा मारला, "यात तुम्ही कुठे आहात?"

शिंदे सर चिडले. "ही बाई चूक काढत नाही, आपल्यालाच काढायला लावते. हा कुठला कामचुकारपणा?"

पण मार्क तर हवे होते. मग शिंदे सरांनी एक छान चूक तयार केली. मी शिकवत असताना ओम नावाच्या मुलाने विचारलं, सर, घंटा कधी होणार? त्यावरून मला जाणवलं की माझा तास कंटाळवाणा होतोय. आम्ही वाचली. चूक सुरेख होती, अंगाला लागणारी नव्हती. आता बी.एड.ला आपल्याकडे पाठाच्या फायली सीनियरकडून ज्युनियरकडे जातात, कव्हर फक्त बदलतं. तशीच ही चूकही आमच्या हाताहातातून गेली. मी घेतली, विज्ञान घातलं. प्रज्ञा मॅडम आधी नको म्हणाल्या, मग शुक्रवारची मुदत बघून त्यांनीही घेतली.

सोमवारी मेल. "एकाच आठवड्यात इंग्रजी, विज्ञान आणि गणित अशा तिन्ही तासांना ओमने घंटा कधी होणार असं विचारलेलं दिसतं. मला ओमची काळजी वाटते."

खाली मात्र कोरडी सूचना होती की पुन्हा असं आढळलं तर प्रवेश रद्द होईल. मी त्याच आठवड्यात कोर्स सोडला. मला दुसऱ्याच्या चुका पंचवीस वर्षं काढता आल्यात, स्वतःच्या लिहायला कुणी शिकवलं नाही. शिंदे सर "नाव तरी बदलायचं ना" असं म्हणत राहिले, आणि महिन्याभरात त्यांनीही सोडला. प्रज्ञा मॅडमनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही, आणि चूक घ्या म्हणणाऱ्यांत मीही होतो याची मला लाज वाटली.

*

पुढच्या रविवारी मला दौंडहून गाडी पकडायची होती, तर वाटेत मॅडमच्या घरी डोकावलो. रेल्वे कॉलनीच्या मागे दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, खाली टेबलावर लॅपटॉप. मॅडम रोजनिशी लिहीत बसल्या होत्या आणि वडील चहा करत होते. लेकीचा अभ्यास आहे म्हणून त्यांनी टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवला होता.

मला म्हणाले, "सर, हे काय लिव्हती ही रोज?"

मी सांगितलं, वर्गात झालेली चूक लिहायची, मग बाई मार्क देतात.

त्यांना काही पटेना. "आमी एकतीस वर्सं रुळावर काढली. आमच्यात चूक लिहून दिली की मेमो यायचा. एकदा मी खरं लिहून दिलं तर वरचा सायेब मलाच म्हनला, कांबळे, कशाला लिहिलं?" मग कप माझ्या हातात देत म्हणाले, "तुमच्या बाईला लिहिलं की मार्क? मंग तर प्रज्ञे, सगळं खरं लिव्ह."

त्या आठवड्यापासून मॅडम खरं लिहायला लागल्या. काय लिहायच्या ते आम्हाला दाखवत नसत. पण मार्क चढायला लागले, आणि चेहरा उतरायला लागला.

*

मधल्या काळात शिंदे सरांचा इंटरव्ह्यू झाला. बहारीनच्या शाळेचा, ऑनलाइन.

आमच्या शाळेत धड नेट फक्त आप्पांच्या केबिनमध्ये चालतं. त्यामुळे शिंदे सर टाय लावून आप्पांच्या टेबलाच्या एका बाजूला बसले, आणि दुसऱ्या बाजूला, कॅमेऱ्यात न दिसता, स्वतः आप्पा चहा घेत बसले. "बोला बोला, मी काय मधी येत न्हाई," म्हणाले.

पलीकडच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला. सध्याची शाळा तुम्हाला का सोडायची आहे?

शिंदे सरांनी वर पाहिलं. आप्पांनी बशी खाली ठेवली. एवढं इंग्रजी त्यांना कळत होतं. "सांगा की," ते हळूच म्हणाले, "मला बी कळू द्या."

शिंदे सर इंग्रजीत म्हणाले, "मला ही शाळा सोडायची नाही. ही जगातली सर्वोत्तम शाळा आहे."

साहेब गोंधळले. "मग तुम्ही अर्ज कशासाठी केलात?"

"हेच तुम्हाला कळवण्यासाठी."

*

आणि शेवटी प्रज्ञा मॅडमचा तपासणीचा पाठ. हेलनबाई चाळीस मिनिटं लाइव्ह बघणार. पास झाल्या तर सर्टिफिकेट आणि मस्कत. नापास झाल्या तर पुढची संधी डिसेंबरात, आणि मस्कतची जागा ऑगस्टलाच दुसऱ्याला.

मार्कांच्या तक्त्यात एक मुद्दा मोठा होता. वर्गात मुलाने चूक केली तर शिक्षक ती कशी हाताळतो. म्हणजे वर्गात एक चूक होणं भाग होतं. आणि आमची सहावी ब पाहुण्यांपुढे चुकत नाही. चुकणारी मुलं आम्ही अशा दिवशी शेवटच्या बाकावर बसवतो आणि त्यांना हात वर करू देत नाही, ही आमची जुनी पद्धत आहे.

मग तालीम घ्यायचं ठरलं. मॅडमना ते आवडलं नाही, पण पवार सर म्हणाले, तुमच्या एकटीचं नाही, शाळेचं नाव आहे. चूक कुणाला द्यायची? ऐनवेळी गडबडणारं पोर चालणार नव्हतं. चूक नीट व्हायची तर पोर हुशार हवं. म्हणून चूक रोशनीला दिली.

रोशनी वर्गातली पहिली. वडील बिहारहून येऊन रांजणगावच्या कारखान्यात कामाला लागलेले. पोरगी कारेगावात वाढलेली, मराठी बोलते ती आप्पांच्या नातवंडांपेक्षा चांगली. तिला सांगितलं, मॅडम फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश लिहितील. तू उठायचं आणि वरच्यात वरचे, खालच्यात खालचे मिळवून सांगायचं, टू बाय फाइव्ह. मग मॅडम समजावतील. दोन तालमी झाल्या, दोन्ही वेळा तिने न चुकता चूक केली.

पाठाच्या दिवशी मागे खुर्च्यांवर आप्पा आणि पवार सर. मी लॅपटॉपपाशी. स्क्रीनवर हेलनबाई, या वेळी हाराशिवाय. मॅडमनी कागदाच्या पट्ट्या दाखवल्या, फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि विचारलं, "रोशनी?"

रोशनी उठली. तिने लॅपटॉपमधल्या बाईंकडे पाहिलं, मागे आप्पांकडे पाहिलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "फाइव्ह बाय सिक्स."

बरोबर उत्तर ऐकून एखाद्या शिक्षकाचा चेहरा इतका पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मॅडमनी दुसऱ्याला विचारलं. त्याने रोशनीचं ऐकलेलं होतं, फाइव्ह बाय सिक्स. तिसरीला विचारलं, फाइव्ह बाय सिक्स. सगळा वर्ग बरोबर. घड्याळात चार मिनिटं उरलेली, आणि चुकीचा पत्ता नाही.

तेव्हा मॅडमनी खडू उचलला आणि स्वतःच चूक केली. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. आता कुणीतरी म्हणेल, मॅडम, चुकलं, आणि मग तिथून समजवायचं, असा त्यांचा विचार. वाट बघत त्या बाजूला उभ्या राहिल्या.

चाळीस माना खाली गेल्या. पेन्सिलींचा आवाज यायला लागला. सगळे उतरवून घेत होते.

मॅडमनी विचारलं, "इज इट करेक्ट?"

"येस मॅडम."

"नीट बघा. बरोबर आहे?"

"येस मॅडम." आधीपेक्षा जोरात.

मॅडमनी फळ्यावरच्या उत्तरावर बोट ठेवलं. त्यांनी तोंड उघडलं आणि घंटा झाली. घंटा झाल्याबरोबर आप्पा उठले आणि आभार मानायला लागले. आप्पांचे आभार मधे थांबवता येत नाहीत.

आप्पा संपल्यावर हेलनबाई बोलल्या. निकाल आठवड्याने कळवायचा असतो, पण मला राहवत नाही, म्हणाल्या. शिक्षकाने स्वतः फळ्यावर चूक लिहायची, उत्तर लगेच न देता मुलांना विचार करत सोडून द्यायचं, एवढं धाडस मी फार थोड्या वर्गांत पाहिलंय. आणि ती शांतता! मिस कांबळे, तुम्ही उत्तम रीतीने पास झाला आहात.

टाळ्या झाल्या. आप्पांनी पेढे आणलेलेच होते. शिंदे सरांनी मनापासून अभिनंदन केलं आणि मस्कतला इंग्रजीची जागा आहे का तेही विचारून घेतलं. मॅडमनी वडिलांना फोन लावला, "झाले पास" एवढं म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. मलाही भरून आलं. नऊ एप्रिल मी बघितले होते.

आता एवढंच उरलं होतं की मुलांच्या वह्यांचे फोटो पाठवायचे. मी आणि मॅडम शिक्षकांच्या खोलीत वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलो. पहिली वही उघडली, टू बाय फाइव्ह. दुसरी, टू बाय फाइव्ह, खाली लाल पेनाने दोन रेघा. तिसरीत भोवती चौकट. मॅडम भराभर पानं उलटत होत्या. मग एका वहीवर थांबल्या. रोशनीची वही. पान खोडरबराने घासून घासून पातळ झालं होतं. खालचं फाइव्ह बाय सिक्स पुसट दिसत होतं आणि त्याच्यावर गिरवून लिहिलं होतं, टू बाय फाइव्ह.

मॅडमनी तिला बोलावून घेतलं. रोशनी येऊन दारापाशी हात मागे बांधून उभी राहिली.

"अगं, तुझं बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या. "तूच तर सांगितलंस सगळ्यांना. मग खोडलंस का?"

रोशनीने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे.

"ते माझं होतं, मॅडम. हे तुमचं हाय."